‘ताठ चाला’ म्हणणं आता थांबवा, काकू

वाचकाचं पत्र : आम्ही भांडुपला राहतो. आमचे हे ६८ वर्षांचे, बेस्टमध्ये कंडक्टर होते. वर्षभरापासून ह्यांचं चालणं कमी होत चाललंय. भाजी मार्केट घरापासून पंधरा मिनिटांवर, पण पाच-सात मिनिटांतच म्हणतात, पाय भरून आले, पोटऱ्यांना मुंग्या आल्या, आणि कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर बसतात. दोन मिनिटांनी उठून पुन्हा चालायला लागतात. नातवाची सायकल घेतली की मात्र तासभर फिरून येतात! दादरचा पूल माझ्या पुढे चढतात, उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरतात. रांगेत उभं राहायचं असलं की मला पुढे करतात. खरं सांगते, मला पुष्कळदा ही टाळाटाळच वाटते. चालताना पोक काढतात म्हणून मी दिवसभर ओरडते, ‘ताठ चाला’. सोसायटीच्या योगवर्गात भुजंगासन करायला लावलं, तर पाय बधिर झाले म्हणून अर्ध्यातून घरी आले. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये नळी अरुंद झाल्याचं आलंय, ९ मिलिमीटर लिहिलंय. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी पट्टा आणि आराम. सकाळचं पाणी हेच भरतात, ते बंद करायला लावू का? आणि गणपतीला कुडाळला नेऊ की नको?

उत्तर : काकू, सगळ्यात आधी काकांवरचा आळ काढून टाकूया. सायकल जमते पण चालणं जमत नाही, जिना चढता येतो पण उतरता येत नाही, बसलं की दोन मिनिटांत बरं वाटतं, उभं राहिलं की पुन्हा तेच. सोंग करणाऱ्याला इतकी चोख वाटणी साधत नाही. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेल्या या गोष्टी एकाच दुखण्याच्या खुणा आहेत. एमआरआय झाला नसता तरी हे पत्र वाचून कुणाही फिजिओथेरपिस्टच्या मनात लंबर कॅनॉल स्टेनोसिस, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधली नळी अरुंद होणं, हेच पहिल्यांदा आलं असतं.

प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाची एक कमान असते. मणके एकावर एक रचले गेले की या कमानींची मिळून उभी नळी होते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली या नळीतून पायांकडे, लघवीच्या पिशवीकडे आणि गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा, जुडगा उतरतो. नळीच्या पुढच्या अंगाला मणके आणि त्यांच्या मधल्या गाद्या, मागच्या अंगाला हाड आणि त्याला आतून चिकटलेला एक पिवळसर, लवचीक पडदा. निरोगी माणसात ही नळी पुढून मागे साधारण १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असते. १२ च्या खाली गेली की डॉक्टर लक्ष ठेवतात, १० किंवा त्याहून कमी म्हणजे अरुंद असं सरळ म्हणतात. वयानुसार गादी चपटी होते, मागचे छोटे सांधे झिजून जाड होतात, तो पडदाही जाडावतो, आणि आतली जागा सगळ्या बाजूंनी कमी होत जाते. हे सगळ्यात जास्त घडतं ते चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्येच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या नळीचं माप एकच एक नसतं. आपण कसे उभे आहोत, किती वजन अंगावर आहे, त्याप्रमाणे ते दिवसभर बदलत राहतं. माणूस ताठ उभा राहिला किंवा मागे झुकला की गादीची मागची कड नळीत फुगते, मागचे सांधे एकमेकांवर सरकतात, आणि हात वर उचलल्यावर सदऱ्याच्या खांद्यावर चुण्या पडाव्यात तसा तो पिवळा पडदा ढिला पडून आत दुमडतो. पुढे वाकलं की हेच सगळं उलट होतं; पडदा ताणला जाऊन पातळ होतो आणि नळी मोकळी होते. मृतदेहांच्या कण्यांवर केलेला एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नसा बाहेर पडतात ती बाजूची भोकं पुढे वाकल्यावर सुमारे १२ टक्के मोठी आणि मागे झुकल्यावर सुमारे १५ टक्के लहान झालेली आढळली. तरण्याताठ्या माणसाकडे जागा मुबलक असते, त्याला या फरकाचा पत्ताही लागत नाही. काकांच्या ९ मिलिमीटरमध्ये मात्र एवढ्याशा फरकावर पाय चालणार की भरून येणार हे ठरतं.

यात भर पडते वजनाची. उभं राहिलं की डोकं, छाती, पोट सगळ्यांचा भार कमरेच्या गाद्यांवर येतो. गाद्या दबतात, त्यांची उंची किंचित कमी होते, कड बाहेर येते, पडदा आणखी ढिला पडतो. म्हणजे नुसतं उभं राहणं हेसुद्धा या नळीसाठी ओझं आहे. चालायला लागलं की पायांच्या नसांना रक्त जास्त लागतं, आणि आवळलेल्या जागेत ते पुरत नाही, आत आलेलं रक्त शिरांमधून नीट परतही जात नाही. म्हणून पहिल्या पावलाला काही होत नाही, पाच-सात मिनिटांनी होतं. बसलं, म्हणजे कंबर पुढे गोल झाली की जागा मोकळी होते, रक्त खेळतं आणि दोन मिनिटांत काका उठून चालू लागतात. सायकलवर हँडल धरून माणूस पुढे वाकलेला असतो, म्हणून ती तासभर चालते. पूल चढताना अंग आपोआप पुढे जातं, उतरताना तोल सांभाळायला मागे रेलतं. तुमच्या सगळ्या कोड्यांचं उत्तर एवढंच आहे.

हे दुखणं डॉक्टरांनाही उशिराच कळलं. हेन्क फर्बीस्ट या डच न्यूरोसर्जननं १९५४ साली त्याचं नीट वर्णन केलं. त्याचे रुग्णही असेच, चालताना पाय निकामी व्हायचे आणि आडवं पडलं की सगळं ठीक. टेबलावर आडवं करून तपासलं तर पुष्कळदा काहीच सापडायचं नाही. तेव्हा काकांवर घरच्यांनी शंका घेतली यात तुमचाही फार दोष धरता येत नाही, पण यापुढे घेऊ नका.

एमआरआयबद्दलही हेच लक्षात ठेवा. तो काढताना माणूस पाठीवर आडवा असतो, गुडघ्यांखाली उशी असते, म्हणजे कंबर सैल आणि अंगाचा भार शून्य. काकांना सगळ्यात सुखाच्या स्थितीतला तो फोटो आहे. ते मार्केटच्या रस्त्यावर ताठ उभे असताना नळी त्याहून अरुंद असणार. पण याची दुसरी बाजूही आहे. १९९० च्या एका अमेरिकन अभ्यासात ज्यांची कंबर कधी दुखली नव्हती अशा लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा साठीच्या पुढच्यांपैकी २१ टक्क्यांची नळी अरुंद दिसली. त्यांना काहीच त्रास नव्हता! म्हणून ९ हा आकडा घोकत बसू नका. काका न थांबता किती चालतात, हा आकडा त्याहून कामाचा आहे. तो एका वहीत आठवड्यातून एकदा लिहून ठेवा. डॉक्टरांना त्यातून फोटोपेक्षा जास्त कळेल.

तुम्हाला आता प्रश्न पडला असेल, की मग जन्मभर सगळे ‘कंबरेत वाकू नका’ असं का सांगतात? तेही खरंच आहे, फक्त ते वेगळ्या दुखण्यासाठी आहे. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. उभ्या माणसाचा दाब १०० धरला तर पाठीवर पडल्यावर तो २५ वर येतो, पुढे वाकून उभं राहिलं तर १५० होतो आणि तसंच वाकून हातात वजन घेतलं तर २२० च्या घरात जातो. म्हणजे वाकल्यानं नळी मोकळी होते, पण गादीवरचा दाब वाढतो. तिशीतल्या माणसाची गादी सरकली असेल तर त्याला वाकायची मनाई योग्य आहे. काकांचं दुखणं जागेचं आहे. योगवर्गातल्या बाईंनी भुजंगासन दिलं ते बहुधा गादीचा त्रास समजून. दोन्हींना लोक ‘मणक्याचा त्रास’ म्हणतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला देतात. माझ्याकडे येणाऱ्या लोकांत हा घोळ मी सारखा बघते आणि मला त्याचा खरोखर त्रास होतो, कारण त्यात माणूस चालणंच सोडून देतो.

आता पाण्याचं. बादल्या पूर्ण बंद करायला लावू नका. निवृत्त माणसाच्या हातातलं सकाळचं काम काढून घेतलं की तो खुर्चीत बसतो आणि मग पायांतली ताकद वेगळीच जाते. पण भरलेली बादली एका हातात लटकवून चालणं हा त्यांच्या कमरेसाठी सगळ्यात वाईट प्रकार आहे. वजनानं गाद्या दबतात, शिवाय तोल सावरायला अंग दुसऱ्या बाजूला आणि मागे झुकतं. नळाला लांब पाइप लावून पिंपात थेट सोडता आलं तर सोन्याहून पिवळं. नाहीच जमलं तर अर्धी बादली, दोन्ही हातांत सारखी, आणि उचलताना गुडघ्यात बसून. मोरीच्या कट्ट्यावर बादली ठेवून भरली तर जमिनीवरून उचलावीच लागणार नाही. गव्हाची गोणी, गॅसचा सिलिंडर, देवघरातला जड पाट हे मात्र आता मुलाच्या किंवा नातवाच्या वाट्याला द्या.

आपल्या शहरात उभं राहणं टळत नाही, म्हणून ते कसं उभं राहायचं हे शिकून घ्यावं लागतं. लोकलमध्ये वरची कडी धरायला हात उंच केला की छाती वर येते आणि कंबर मागे कमानीसारखी होते, म्हणजे नेमकं जे नको तेच. काकांना दाराजवळचा उभा दांडा छातीच्या उंचीवर धरायला सांगा, किंवा सीटच्या मागच्या फळीला पाठ टेकून गुडघे जरा सैल. ज्येष्ठांसाठी राखीव जागा असेल तिथे संकोच न करता बसायचं. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाला जागा मागताना लाज वाटते, पण मागायची. बँकेत, रेशनच्या रांगेत एक पाय कुठल्याही पायरीवर, नाहीतर स्वतःच्या पिशवीवर टेकवला की कमरेची कमान लगेच कमी होते. घरात ओट्यापाशी भाजी चिरायला उभे राहत असतील तर पायाखाली एक पाट ठेवा आणि दर काही मिनिटांनी पाय बदलायला लावा. हे मी अनेकांना सांगितलंय आणि पहिल्याच दिवशी फरक जाणवल्याचं ते सांगतात.

आणि पोक. काकू, ते पोक काढून चालतात कारण त्या स्थितीत त्यांच्या नसांना जागा मिळते. चालू द्या तसंच. मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून चालले तर तेच काका तासभर फिरतील, करून बघा. आपल्या फुटपाथवर चाकांची गाडी ढकलत नेणं कठीण आहे, तिथे काठी वापरा, आणि ती जरा उंचीला कमी ठेवा म्हणजे अंग किंचित पुढे राहील. थांबून बसणं ही हार नाही. त्रास सुरू व्हायच्या आधीच, चौथ्या मिनिटाला बसायचं, मग पुन्हा निघायचं. पाय पूर्ण भरून यायची वाट बघितली तर पुढचा टप्पा आणखी छोटा होतो.

व्यायाम घरी होण्यासारखे आहेत. अंथरुणावर पाठीवर पडून दोन्ही गुडघे हातांनी छातीकडे ओढून धरायचे, पवनमुक्तासनासारखं, मान न उचलता. मग गुडघे वाकवून पाय टेकवून कंबर हलकेच जमिनीला दाबायची, पोट आत घेऊन. सायकल रोज चालू ठेवायची, हाच त्यांचा चालण्याचा व्यायाम समजा; पावसाळ्यात घरातली स्थिर सायकल चालेल. भुजंगासन, धनुरासन, चक्रासन बंद. एक मात्र आधी बघा, हाडं ठिसूळ झाली असतील तर जोरात पुढे वाकण्याचे व्यायाम मणक्याला महागात पडतात, म्हणून हाडांची घनता तपासून घेतलेली बरी. पोट सुटलं असेल तर तेही उतरवा. पुढे लोंबणाऱ्या वजनानं कंबर दिवसभर मागे ओढली जाते. पट्टा बाहेर चालायला निघताना बांधायचा आणि घरी आल्यावर काढायचा. दिवसभर बांधला तर पाठीचे स्नायू ढिले पडतात. ‘आराम करा’ या सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही.

ऑपरेशनचा निर्णय घेण्याआधी एक तपासणी राहू देऊ नका. पायांच्या रक्तवाहिन्या आक्रसल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, विशेषतः काका पूर्वी विड्या ओढत असतील किंवा मधुमेह असेल तर. तिथे फरक असा, की रक्ताचा त्रास असला तर नुसतं उभं राहूनही बरं वाटतं आणि चढताना जास्त दुखतं. काकांचं उलट आहे, तरी डॉक्टरांना पावलावरची नाडी हातानं बघायला सांगा. दोन्ही दुखणी एकाच माणसात असू शकतात. बी-१२ आणि साखरही तपासा, मुंग्यांना ती कारणंही असतात.

दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून घाबरू नका. हे दुखणं बहुतेक वेळा हळू चालतं. विचार करायला वेळ असतो. कमरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं गेलं तर हे माहीत असू द्या, की अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या भुलीच्या औषधापेक्षा त्यात स्टेरॉइड घातल्यानं सहा आठवड्यांनी फारसा जास्त फायदा दिसला नव्हता. २०१५ च्या दुसऱ्या एका चाचणीत ऑपरेशन ठरवलेले आणि फिजिओथेरपी ठरवलेले असे दोन गट दोन वर्षांनी जवळपास सारखेच निघाले, पण फिजिओच्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा त्यावरून ऑपरेशन निरुपयोगी असं कुणी सांगितलं तर मानू नका. तीन महिने व्यायाम मनापासून करा, वहीतला आकडा बघा. तो घटतच गेला, घराबाहेर पडणंच बंद व्हायला लागलं, तर ऑपरेशन करून घ्यावं असं माझं मत आहे. त्यात दाबणारं हाड आणि जाडावलेला पडदा काढून जागा करतात. स्क्रू घालून मणके जोडणार असं म्हणाले तर ‘मणका सरकतोय का, स्क्रूची गरज कशासाठी?’ हा प्रश्न जरूर विचारा. २०१६ साली आलेल्या स्वीडनच्या चाचणीत, नळी मोकळी करण्याच्या जोडीला मणके जोडल्यानं जास्त फायदा झाला नव्हता. परळचं केईएम, सायन, नायर इथे अस्थिरोग आणि फिजिओथेरपी दोन्ही विभाग आहेत, हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे. दुसरं मत घ्यायला खर्चाची भीती बाळगू नका.

वाट बघायची नाही असेही प्रसंग आहेत. लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, शौचाची जाणीव गेली, जांघा आणि बसायची जागा बधिर झाली, पाऊल अचानक उचलेनासं होऊन चप्पल पायातून निसटायला लागली, तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. ताप आणि कंबरदुखी एकत्र आली, किंवा वजन विनाकारण उतरायला लागलं, तर दोन दिवसांत दाखवा.

राहिलं कुडाळ. जरूर न्या! एसटीपेक्षा गाडी बरी, कारण उठून डब्यात दोन फेऱ्या मारता येतात. ज्येष्ठांना खालचा बर्थ मिळण्याची सोय आहे, तिकीट काढताना वय नीट भरा. झोपताना कुशीवर, गुडघे पोटाशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी नाहीतर घडी केलेली चादर. बॅगा हमालाला द्या, स्टेशनवर लिफ्ट किंवा सरकता जिना शोधा, उतरताना तर हमखास. गावी आरत्या लांबतात. काकांसाठी पुढच्या खोलीत खुर्ची मांडून ठेवा आणि टाळ त्यांच्या हातात द्या, बसून वाजवता येतो. विसर्जनाला ओहोळापर्यंत सगळ्यांबरोबर चालत न पाठवता कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसवून आधी पोचवा, आणि मूर्ती उचलायला त्यांनी हात लावायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी.